आज शहरांत काय आहे?

परक्या शहरांत आलेल्या माणसाला पहिली वाण पडते ती बातमीची. कोठें जेवावें, रविवारीं कोठें जावें, कोणत्या नाटकगृहांत कशाचा खेळ आहे, हें कळूं लागलें म्हणजे तें शहर त्याचें होऊं लागतें. आज हातांतल्या दूरध्वनीवर बोट फिरविलें कीं हें सारें समोर येतें. परंतु मुंबईसारख्या शहरांत ही बातमी कोणाला मिळे आणि कोणाला मिळत नसे, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

गांवांत दवंडी पिटली कीं साक्षर-निरक्षर, ओसरीवरचा म्हातारा आणि माजघरांतली सून, सर्वांच्या कानीं बातमी एकदमच पडे. शहर वाढलें तसा डफाचा आवाज पुरेना. त्याची जागा छापील कागदानें घेतली. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें, तें इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत. वाचणाराला कागद बोलूं लागला. न वाचणाराला मात्र तो डफापेक्षांहि मुका होता.

सन १८४३ मध्यें सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. दहा वर्षांनीं, १८५३ सालीं, त्यांची मंडळी मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहांत खेळ करूं लागली. नट मराठी, आख्यानें पुराणांतलीं, आणि जाहिरात मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांत! तिकीट घेऊन नाटक पाहण्याची चाल इंग्रजांची, म्हणून आमंत्रणहि त्यांच्याच भाषेंत गेलें. ज्याला इंग्रजी येत नव्हतें त्याच्या दृष्टीनें ती जाहिरात नसल्यासारखीच होती. त्याला बातमी कळायची ती कर्णोपकर्णीं.

तेंच पुढें चलच्चित्रांच्या बाबतींत घडलें. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसनच्या हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं, आणि जाहिरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ मध्यें आली. तिकीट होतें एक रुपया. गिरणींत ज्याला महिन्याकांठीं दहा-पंधरा रुपये मिळत, त्याला हा रुपया कसा परवडावा? पण आठवड्याभरांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत गेले. तेथें चार आण्यांपासून जागा मिळूं लागली आणि पडद्यांतल्या स्त्रियांकरितां स्वतंत्र कक्षहि राखून ठेवण्यांत आले. दरवाजा थोडा किलकिला झाला तो येथें.

मात्र बातमी कळली, चार आणे जमले, तरी जावयास वेळ हवा. ही गोष्ट करमणुकीच्या इतिहासांत सहसा कोणी सांगत नाहीं. गिरणी-कामगाराला आठवड्याची ठराविक सुट्टीच नव्हती. ‘दीनबंधु’ चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन स्त्रियाहि बोलल्या. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आज ‘रविवारीं कोठें जावें’ असें जो सहज विचारतो, त्याचा तो रविवार असा मागून घेतलेला आहे.

जेवणाची बातमी तर छापलीच जात नसे. कोंकणांतून वा घांटावरून आलेला गडी आपल्या गांववाल्याच्या खोलींत वळकटी टाकी, आणि तोच त्याला खानावळीचा पत्ता सांगे. पाटी नाहीं, जाहिरात नाहीं. चाळींतल्या एखाद्या बाईची चूल, आणि पगार झाल्यावर चुकवावयाचा हिशेब. संपाच्या दिवसांत ह्याच बायकांनीं उधारीवर पानें वाढलीं. गिरणगांवचा इतिहास संपांचा आणि पुढाऱ्यांचा म्हणून लिहितात, त्यांत हें उधारीचें अन्न फार थोड्यांनीं मोजलें आहे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानें अन्नपूर्णा महिला मंडळ निघालें, तेव्हां कोठें ह्या खानावळवाल्या बायकांचीं नांवें बँकेच्या वहींत चढलीं. इराण्यांची रीत वेगळी. हिंदु व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, ती त्यांनीं घेतली असें म्हणतात. दोन रस्त्यांवरून दिसणारें दुकान हीच मोठी जाहिरात. धोबीतलावाचें कयानी १९०४ पासूनचें आहे.

दादासाहेब फाळक्यांना ह्या बाजाराची नाडी ठाऊक होती. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतल्या कॉरोनेशनमध्यें लोकांपुढें आला. पुढें सुरतेस पहिल्या दिवशीं जेमतेम तीन रुपये गल्ला झाला, असें सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचें नाटक मिळत असतां, तीन आणे देऊन दीड तासाचें चित्र कोण पाहणार? तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात दिली कीं, सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचा खेळ, आणि हें सर्व तीन आण्यांत! गर्दी लोटली. गिऱ्हाइकाला कथा नको होती, मोजमाप हवें होतें. पुढें चित्रपटांच्या पाट्या गाड्यांवर चढून ताशा-बँडच्या गजरांत रस्तोरस्तीं फिरूं लागल्या. दवंडीच ती, फक्त आतां सरकारची नव्हे, तिकीटविक्रीची.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. त्या दिवसाच्या आठच दिवस आधीं ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हें पत्रक निघालें होतें. केव्हां काय ऐकूं येईल हें त्यांत छापलेलें असे, आणि तें इंग्रजींत होतें. यंत्राच्या परवान्याला वर्षाला दहा रुपये पडत, यंत्राची किंमत वेगळीच. शब्द पुन्हा कानावाटे येऊं लागला होता, त्यासाठीं अक्षर ओळखावें लागत नव्हतें. परंतु यंत्र दिवाणखान्यांत होतें. ज्याच्या घरीं तें नव्हतें तो कोपऱ्यावरच्या हॉटेलांत एका चहावर वेळ काढी, नाहीं तर बाहेर फुटपाथावर उभा राहून ऐके.