हॉटेल कॅलिफोर्निया (गाणे)

हॉटेल कॅलिफोर्निया हे ईगल्स या अमेरिकन रॉक संगीतसमूहाचे गाणे असून ८ डिसेंबर १९७६ रोजी प्रकाशित झालेल्या त्याच नावाच्या अल्बममध्ये ते पहिले आहे. गीत-संगीताचे श्रेय डॉन फेल्डर, डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय या तिघांना असून मुख्य गायन हेन्ली यांचे आहे. मे १९७७ मध्ये हे गाणे बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकी सूचीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७८ मध्ये त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ हा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

उगम

या गाण्यात कॉर्ड आधी आल्या, शब्द नंतर. मालिबू येथे समुद्रकिनारी भाड्याने घेतलेल्या घरात फेल्डर यांनी बारा तारांच्या गिटारवर हा कॉर्डक्रम बसवला आणि त्याची कॅसेट सहकाऱ्यांना दिली. लॅटिन वळण आणि रेगेचा ठेका यांमुळे त्याला ‘मेक्सिकन रेगे’ असे कामचलाऊ नाव पडले. थकलेला प्रवासी, वाळवंटातील रस्ता आणि सुटका नसलेले हॉटेल ही कथा पुढे मुख्यतः हेन्ली यांनी शब्दबद्ध केली.

कॉर्डरचना

कडव्याचे आवर्तन आठ मात्राखंडांचे असून प्रत्येक खंडात एक कॉर्ड येते: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. पहिल्या तीन जोड्यांचे आरंभस्वर बी, ए, जी असे पायरीपायरीने उतरतात, त्यामुळे चाल सतत खाली सरकल्यासारखी वाटते.

पांढरी सात हा षड्ज मानल्यास रचनेची खुबी सहज कळते. एफ शार्पमध्ये शुद्ध निषाद आहे, तर लगेच येणाऱ्या ए मध्ये कोमल. ई मध्ये शुद्ध धैवत आहे, तर त्यानंतरच्या जी मध्ये कोमल. एकाच स्वराची दोन रूपे अशी पाठोपाठ आल्याने रचना एका सप्तकात बांधून राहत नाही. शेवटच्या एफ शार्पमधील शुद्ध निषाद पुन्हा षड्जाकडे ओढतो आणि आवर्तन नव्याने सुरू होते. हॉटेलातून बाहेर पडू न शकणाऱ्या पाहुण्याला हे संगीत चांगलेच शोभते. ध्रुवपद मात्र जी पासून सुरू होते.

फेल्डर सातव्या पट्टीवर कॅपो लावून ई मायनर, बी, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी या आकारांत हे वाजवतात. नवशिक्यांनाही ही पद्धत सोयीची, कारण बी मायनरची बॅरे कॉर्ड टळते. मात्र बी ची टळत नाही.

ध्वनिमुद्रण

निर्माते बिल शिमचिक होते. आरंभी ई मायनरमध्ये असलेली चाल हेन्ली यांच्या आवाजाला मानवेना, म्हणून ती बी मायनरमध्ये आणली गेली. शेवटचे गिटारवादन फेल्डर आणि जो वॉल्श यांचे आहे. मायामीत ध्वनिमुद्रण चालू असताना हेन्ली यांनी मूळ कॅसेटवरील सुरावटच हवी असा आग्रह धरला. फेल्डर सांगतात त्याप्रमाणे, त्यांनी कॅलिफोर्नियातील घरी फोन करून घरकाम करणाऱ्या बाईंना ती कॅसेट फोनजवळ वाजवायला लावली आणि आपलेच वादन ऐकून पुन्हा बसवले. गाण्याची लांबी साडेसहा मिनिटे आहे. रेडिओसाठी ती कमी करण्याची सूचना समूहाने नाकारली.

साधर्म्याची चर्चा

जेथ्रो टल या ब्रिटिश समूहाच्या ‘वुई यूज्ड टू नो’ (१९६९) या गाण्याच्या कॉर्ड याच्याशी मिळत्याजुळत्या आहेत, पण त्याचा ताल वेगळा आहे. १९७२ मध्ये दोन्ही समूह एकाच दौऱ्यावर होते. फेल्डर मात्र ईगल्समध्ये १९७४ मध्ये आले. जेथ्रो टलचे इयन अँडरसन यांनी यावरून चोरीचा आरोप केलेला नाही.