बोलक्या खेळण्याचा प्रोसेसर

मुलांना इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे शिकविणारे बोलके खेळणे काढावे, अशी तजवीज १९७६ साली डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पॉल ब्रीडलव्ह यांनी मांडली, तेव्हा तिच्या चाचपणीसाठी मंजूर झालेली रक्कम अवघी २५,००० डॉलर होती. टेलिफोनच्या शिरस्त्याने आवाज साठवावा, तर सेकंदाला ६४,००० बिट खर्ची पडत. त्या हिशेबाने खेळण्याच्या दोन स्मृति-चिपांतील २,६२,१४४ बिट चार सेकंदांतच संपते, आणि उच्चारावयाचे शब्द तर दोनशेंहून अधिक होते.

या पेचातून वाट निघाली ती कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल यांनी बेल प्रयोगशाळेत, आणि स्वतंत्रपणे फुमितादा इताकुरा यांनी जपानात, सिद्ध केलेल्या पद्धतीमुळे. ध्वनी साठविण्याऐवजी तो घडविणाऱ्या कंठ-मुखविवराच्या बदलत्या आकाराचे मोजके अंक साठवावेत, हे तिचे सूत्र. त्यायोगे सेकंदाचा खर्च सुमारे १,२०० बिटांवर आला. मात्र साठवणुकीत वाचलेले गणितात भरावे लागले. सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यामागे दहा टप्प्यांच्या गाळणीतले सुमारे वीस गुणाकार, म्हणजे सेकंदाला १,६०,००० गुणाकार, तेही कॅल्क्युलेटरसाठी रुळलेल्या, स्वस्त परंतु मंद अशा पीमॉस प्रक्रियेने घडविलेल्या चिपेवर! रिचर्ड विगिन्स आणि लॅरी ब्रँटिंगहॅम यांनी त्या चिपेत एकच गुणक, म्हणजे गुणाकार करणारा भाग, टप्प्याटप्प्यांनी असा मांडला, की रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे एक गुणाकार रिता होण्यापूर्वीच पुढचे भरत यावेत. जून १९७८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ‘स्पीक अँड स्पेल’ जाहीर झाले.

वाणीवाचून दुसरे काही न जाणणाऱ्या त्या चिपेचा संकोच हाच तिचा गुण होता. परंतु प्रत्येक नव्या कामास नवी चिप कोरणे कोणत्याही जमाखर्चात बसणारे नव्हते. म्हणून १९८०च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांनी गुणक कायम ठेवून वर्तनाचे हुकूम मात्र प्रोग्रामच्या हवाली करणारे संकेत-प्रोसेसर काढले. टेक्सासचा टीएमएस३२०१० एक गुणाकार २०० नॅनोसेकंदांत उरकी. पुढे चित्रे ८×८ बिंदूंच्या चौकोनांत विभागून आकुंचित करण्याची रीत प्रमाण ठरली, तेव्हा तेवढ्याच गणितासाठी पुनश्च खास चिपा निघाल्या. मोबाइलच्या चिपेत अखेर सामान्य कारभारी प्रोसेसर आणि त्याच्या दिमतीला असे एकमार्गी कामगार, दोघेही शेजारी नांदू लागले. सिलिकॉनवर कायमचे काय कोरावे आणि प्रोग्रामच्या मर्जीवर काय सोडावे, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. त्याचा निवाडा करताना अभियंता आजही प्रथम हेच पाहतो, की कोणता गुणाकार सर्वांत अधिक वेळा करावा लागणार आहे.