एस. यू. कार्ब्युरेटर : जीर्णोद्धार

मॉरिस, एम. जी., जॅग्वार, मिनी अशा ब्रिटिश मोटारींवर अनेक दशके बसवला गेलेला कार्ब्युरेटर. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला. कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली.

एंजिनाच्या ओढीनुसार यातील पिस्टन वरखाली होतो. त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण ठरवते. पिस्टन आणि त्यावरील घुमट एकमेकांशी जुळवूनच बनवलेले असतात, म्हणून दोन कार्ब्युरेटरांच्या या भागांची अदलाबदल कधीही करू नये. घुमटाच्या आतून पॉलिश पेपर फिरवणे हा तर चांगला भाग वाया घालवण्याचा हमखास मार्ग. सॉल्व्हंट आणि मऊ कापड पुरते. ॲल्युमिनियमची बॉडी कॉस्टिकमध्ये बुडवू नये.

सर्वाधिक झीज थ्रॉटलच्या दांड्याची आणि त्याच्या छिद्रांची होते. तिथून हवा शिरली की आयडलिंग कधीच स्थिर होत नाही, सुई कितीही बदलली तरी. अशा वेळी छिद्रे मोठी करून नवे बुश बसवतात. इनटेक मॅनिफोल्डचा फ्लँज वाकला असेल तर गॅस्केटपाशीही हाच दोष उद्भवतो.

जुना नग घेताना फ्लोट चेंबरच्या झाकणावरील धातूची पट्टी पाहावी. तिच्यावरील क्रमांकावरून मूळ गाडी कळते. इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून भरणाऱ्या ऑटोजंबल बाजारात असे नग मिळतात. नवे सुटे भाग बर्लेन ही ब्रिटिश कंपनी बनवते.