धाटाव : औषधनिर्मिती आणि पेटंट कायदा

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील, कुंडलिका नदीलगतचे औद्योगिक गाव. येथील एमआयडीसीत रंगद्रव्ये, कीटकनाशके आणि इतर रसायनांच्या कारखान्यांबरोबर युनिकेम लॅबोरेटरीजचा बल्क ड्रग, म्हणजे औषधांतील मूळ घटक, तयार करणारा कारखाना आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या इतिहासात या कंपनीचे नाव एका खटल्यामुळे येते.

१९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यात पेटंटधारकाचा हक्क फार व्यापक होता. मधुमेहावरचे टॉलब्युटामाइड हे औषध युनिकेमने मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या पद्धतीने बनवले, तेव्हा जर्मनीच्या होक्स्ट कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १९६० च्या दशकाअखेरीस निकाल होक्स्टच्या बाजूने लागला. सरकारी संस्थेने बसवलेली पद्धतही देशी कारखान्याला वाचवू शकली नाही.

न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाचा पाया घेऊन झालेला १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही फार तर सात वर्षे. तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवणे कायदेशीर ठरले. विद्रावक बदलणे, पायऱ्या कमी करणे, उतारा वाढवणे हेच मग येथल्या रसायनज्ञांचे कौशल्य बनले. मात्र केवळ कायदा सैल केल्याने उद्योग उभा राहत नाही. त्याला प्रशिक्षित माणसे, जवळपास मिळणारी मधल्या टप्प्यातील रसायने आणि मुबलक पाणी लागते. धाटावला हे सारे होते. प्रत्येक पायरीमागे सांडपाणीही उरते. रसायनांच्या या वसाहतीचा भार कुंडलिकेने सोसला, आणि स्वस्त औषधाच्या हिशेबात तो धरलाच पाहिजे.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांवर वीस वर्षांचे पदार्थ-पेटंट आले. तरी भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मुळे जुन्या रेणूत किरकोळ बदल करून नवे पेटंट घेणे अवघड झाले. २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाची मुभा, मिळाला आणि महिन्याचा खर्च २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला.

ट्रिप्सखाली सर्वांत कमी विकसित देशांना मात्र औषध-पेटंटमधून २०३३ पर्यंत सूट आहे. बांगलादेशाने तिच्या आधारे गोळ्या-कॅप्सूलचा मोठा उद्योग उभारला. पण केवळ सैल कायदा पुरत नाही, हे तेथेही दिसते : बल्क ड्रग तो देश आजही मुख्यतः भारत आणि चीनकडून घेतो.