सुरू होताना अडणारा संगणक

मार्च १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने 'पीसी एक्सटी' हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती. या संगणकाचे बटण दाबल्यावर कधी कधी पडद्यावर '१७०१' हा आकडा उमटे आणि डिस्कवरचे काहीच सुरू होत नसे. आकडा पाहणारा माणूस एकच निष्कर्ष काढी : डिस्क गेली. मग ती नव्याने फॉरमॅट केली जाई, आणि तिच्यावरचे हिशेब, पत्रे, प्रश्नपत्रिका तेव्हा खरोखर जात. डिस्क मात्र कित्येकदा धडधाकट असे. असे का होई, ते समजण्यासाठी संगणक सुरू होतो म्हणजे काय होते ते आधी पाहू या.

संगणकाची कामाची स्मृती वीज जाताच पुसली जाते. बटण दाबल्याच्या क्षणी ती कोरी असते. डिस्कवरचा प्रोग्रॅम स्मृतीत आणायचा तर तो आणण्यासाठीही एक प्रोग्रॅम लागतो. मग हा पहिला प्रोग्रॅम आणायचा कोणी? स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलण्यासारखी ही अडचण आहे, आणि त्यावरूनच 'बूट होणे' हा शब्द आला. १९७५ च्या 'अल्टेअर ८८००' या संगणकावर हे काम माणूस करी. दर्शनी भागावरचे खटके वर-खाली करून तो एकेक सूचना हाताने भरत असे. त्या वर्षी पॉल अ‍ॅलन अल्टेअरसाठी केलेली बेसिक भाषा दाखवायला अल्बुकर्कला निघाला. ती स्मृतीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला आहे, हे त्याला विमानात आठवले. तो त्याने तिथेच बसून कागदावर लिहून काढला.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत हा पहिला प्रोग्रॅम कायम टिकणाऱ्या चिपमध्ये कोरलेला होता. वीज आली की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन तो वाचू लागे. आधी तो घरातल्या मंडळींची हजेरी घेई : स्मृती, कीबोर्ड, फ्लॉपी. सगळे हजर असले तर एक छोटी शिट्टी वाजे. नसले तर आकडा उमटे. या आकड्यांची रचना सोपी होती. शेवटचे दोन अंक तपशिलाचे, त्याआधीचे भागाचे. २०१ म्हणजे स्मृती, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. कीबोर्डची तक्रार सांगून वर 'एफ१ कळ दाबा' अशी सूचना करणारे संगणक पुढे निघाले. त्यावरचे विनोद जुन्या लोकांना आठवत असतील. एक्सटीत हार्ड डिस्क आली, तिला १७ हा क्रमांक मिळाला.

तेव्हा '१७०१' चा खरा अर्थ 'डिस्क गेली' असा नाही. 'मी हाक मारली, तिकडून ओ आली नाही', एवढाच आहे. केबल सैल असली तरी ओ येत नाही. चकती ठरलेल्या वेळात मिनिटाला ३६०० फेऱ्यांचा पुरा वेग गाठू शकली नाही तरीही येत नाही. अशा वेळी काही न करता संगणक पुन्हा बूट केला, की फिरत राहिलेली चकती दुसऱ्या हजेरीला उभी असे!

इथे डिस्कच्या रचनेकडेही पाहायला हवे. घरगुती संगणकांतल्या या डिस्का आयबीएमच्या १९७३ च्या 'विंचेस्टर' डिस्कच्या वंशातल्या. चकती फिरते तेव्हा हेड हवेच्या पातळ थरावर तरंगते. थांबली की हेड तिच्यावरच टेकते. पुष्कळ दिवस बंद राहिलेल्या डिस्कमध्ये हेड गुळगुळीत पृष्ठाला चिकटून बसे आणि मोटरला चकती हलवता येत नसे. दुसरी खोड आम्हाला जास्त मजेशीर वाटते. स्वस्त डिस्कांत हेड सरकवायला पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर असे. ती मोजकी पावले टाकी. आपण नेमक्या मार्गावर आलो की नाही हे तपासत नसे. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, हे आपण सातवीच्या वर्गात शिकवतो. तापलेल्या डिस्कवर लिहिलेले मार्ग थंडगार सकाळी किंचित हललेले असत. सकाळी न वाचता येणारी डिस्क अर्ध्या तासाने बिनतक्रार चालू लागे. सकाळीच घाईने फॉरमॅट करणारा मात्र सगळे गमावून बसे.

सर्वांत जास्त घोटाळा एका बॅटरीने केला. ऑगस्ट १९८४ च्या 'पीसी एटी'मध्ये घड्याळाची एक चिप आली. तिच्यात ६४ बाइटची स्मृती होती आणि संगणक बंद असतानाही ती बॅटरीवर जिवंत राही. आपल्याला कोणत्या प्रकारची डिस्क जोडली आहे, तिची किती हेड, किती सिलिंडर, हे संगणक त्या चिपमधल्या क्रमांकावरून ओळखे. काही वर्षांनी बॅटरी संपली की घड्याळ मागे पडे आणि डिस्कची आठवणही जाई. मग फ्लॉपीवरून संगणक सुरू करून 'सी' मागितला, तर असा ड्राइव्हच नाही असे उत्तर मिळे. डिस्कवरचे अक्षरही हललेले नसे. संगणकच तिला विसरलेला असे. उपाय म्हणजे नवी बॅटरी आणि तोच जुना क्रमांक. हा क्रमांक कागदावर लिहून संगणकाच्या पाठीवर चिकटवणारा माणूस आमच्या मते कोणत्याही तंत्रज्ञाइतकाच शहाणा. अंदाजाने भलताच क्रमांक घातला, तर जागेचा सगळा हिशेब चुके, आणि तशा स्थितीत डिस्कवर काही लिहिले की चांगला मजकूरही बिघडे.

डिस्क निर्दोष असताना ती अपुरी दिसण्याचे एक उदाहरण गणिताच्या तासाला वापरण्याजोगे आहे. संगणकाच्या कोरलेल्या प्रोग्रॅमला १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टरपर्यंत मोजता येई. आयडीई डिस्कांच्या पद्धतीत ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टर बसत. दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या पाहिल्या तर ऐसपैस. पण दोघांनी एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येक बाबतीत लहान आकडाच चाले : १०२४, १६ आणि ६३. त्यांचा गुणाकार करून सेक्टरच्या ५१२ बाइटने गुणले, की ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. याहून मोठी डिस्क बसवली तरी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे बहुतेक संगणक तिचा एवढाच भाग पाहत. पुढे सेक्टरांना सरळ ओळीने क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली आणि ही अडचण सुटली.

बॅटरीचा प्रश्न जुन्या संगणकांत अजूनही शिल्लक आहे. शाळेच्या अडगळीत एखादा ३८६ किंवा ४८६ पडलेला असेल, तर वीज जोडण्याआधी झाकण उघडून पाहावे. त्यांतल्या बऱ्याच संगणकांत निकेल-कॅडमियमची बॅटरी मुख्य पाटीलाच डाख देऊन जोडलेली असते. तिच्यातला अल्कधर्मी द्रव पाझरून तांब्याच्या रेषा खातो. तिथे हिरवट-पांढरा थर दिसतो. बॅटरी कापून काढावी, डागावर थोडे व्हिनेगर लावून तो पुसावा आणि पाटी पूर्ण वाळू द्यावी. वीज जोडल्यावर पडद्यावर काय उमटते ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. डिस्क वाचता येऊ लागली, तर फॉरमॅट हा शब्द उच्चारण्याआधी तिच्यावरचे सारे दुसरीकडे उतरवून घ्यावे.