पुन्हा न घडणारी चूक

संगणक हिशेबात कितीही चपळ असला, तरी आरंभीच्या काळात त्याचा पुष्कळ वेळ वाट पाहण्यात जाई. छपाईचे यंत्र मोकळे झाले का, हे तो पुनःपुन्हा विचारीत बसे. त्यावर तोड निघाली ती ‘इंटरप्ट’ची. यंत्राने काम संपताच हाक द्यावी. संगणकाने हातातले काम खूण करून ठेवावे, हाकेला ओ द्यावी आणि सोडल्या जागेपासून पुढे चालू लागावे.

हॉलंडमध्ये १९५७ च्या सुमारास एक्स-१ या संगणकाची आखणी चालू असता लोपस्ट्रा व स्कोल्टेन यांनी ही सोय सुचवली. आज्ञावली लिहिणारे डाइक्स्ट्रा मात्र बिचकले. हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही. तेव्हा एकदा घडलेली चूक पुन्हा घडवून दाखवता येईलच असे नाही. मग ती शोधायची कशी? अखेर त्यांनी ते काम पत्करले आणि १९५९ च्या प्रबंधात त्याची रीत मांडली.

पुढे जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमखाली नेण्याचा प्रघात पडला. जुन्या ठिकाणी हाक थेट आज्ञावलीच्या कानी पडे. नव्या ठिकाणी ती आधी ऑपरेटिंग सिस्टीम ऐकते. तेथे निकडीचे तेवढे उरकून बाकीचे काम मागाहून करायचे असते. अक्षरे तीच राहतात, पण वेळेचा सारा हिशेब बदलतो. शिवाय जुने यंत्र मुकाट्याने जे सांभाळून घेत होते, ते अक्षरांबरोबर येत नाही.

याची किंमत माणसांनी मोजली. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात आधीच्या यंत्रांच्या आज्ञावलीचा भाग उचलला होता. थेरॅक-२० मधील स्वतंत्र विद्युत अडसर मात्र वगळले होते. १९८५ ते १९८७ या काळात सहा जणांना भयंकर जादा मात्रा मिळाली. टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये अपघात झाला, तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांना चूक पुन्हा घडवता आली नाही आणि यंत्र परत चालू झाले. तीन आठवड्यांत दुसरा रुग्ण भाजला. दोघेही पुढे दगावले.

चूक सापडली ती यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या आठवणीतून. रुग्णालयाचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक कळ पुन्हा दाबून पाहिली. चुंबके जागी येण्यास सुमारे आठ सेकंद लागत. सरावलेल्या बोटांनी त्याआधीच दुरुस्ती केली, तर ती आज्ञावलीच्या ध्यानात येत नसे. तीच चूक थेरॅक-२० मध्येही होती. पण तेथे अडसर आडवे येत, म्हणून कोणास इजा झाली नाही.

कामगाराने ‘यंत्र बिघडले’ म्हणावे आणि तपासनिसाने ‘आम्हांस दिसले नाही’ म्हणून कागद मिटावा, हे चळवळीत आम्ही पुष्कळ पाहिले आहे. न दिसलेली चूक म्हणजे नसलेली चूक नव्हे. जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर नेणाऱ्याने दोन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये: जुने यंत्र काय सांभाळीत होते, आणि त्यावर रोज बसणारा माणूस काय सांगतो?