हजेरीपट यंत्राच्या पोटातला

भांडुपच्या कारखान्यांत मस्टरला फार मोठे महत्त्व होते. कोण कामावर, कोण रजेवर, कोणाची पाळी कधी, हे सारे त्या एका वहीत असे. संगणकाच्या कर्नललाही अशीच वही लागते. मात्र ती आरंभापासून नव्हती.

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकला (हे नाव १९६२ मध्ये नेहरूंनी दिले) अशा वहीची गरजच भासली नाही. एक प्रोग्रॅम चढवावा, तो संपेपर्यंत थांबावे, मग दुसरा. यंत्रावर एकटाच कामगार असेल, तर हजेरी घ्यायची कोणाची?

प्रश्न उभा राहिला तो एका यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी बसू लागली तेव्हा. एमआयटीत १९६१ मध्ये 'सीटीएसएस' या व्यवस्थेचे प्रात्यक्षिक झाले. प्रोसेसर एकच, तो क्षणभर एकाचे काम करी, क्षणभर दुसऱ्याचे. अर्धवट सोडलेले काम पुन्हा नेमके तेथूनच उचलायचे, तर त्याची नोंद ठेवणे आलेच.

या नोंदीचे सर्वांत देखणे रूप १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत दिसते. तिच्यात प्रक्रियांचा एक तक्ता होता, अवघ्या ५० ओळींचा. प्रत्येक ओळीत प्रक्रियेचा क्रमांक, तिच्या जनक प्रक्रियेचा क्रमांक, तिचा अग्रक्रम, तिची अवस्था आणि ती झोपली असल्यास कशाची वाट पाहते आहे, एवढा मजकूर. मेमरी अपुरी असल्याने प्रक्रियेचा बाकीचा संसार डिस्कवर हलवता येई; ही ओळ मात्र मेमरीतून कधीच हलत नसे. वही घरी विसरणारा मुकादम काय कामाचा? सगळ्या ओळी भरल्या की नव्या प्रक्रियेला सरळ नकार मिळे.

मेलेल्या प्रक्रियेचीही ओळ लगेच पुसली जात नसे. तिचा शेवट कसा झाला हे जनकाने विचारेपर्यंत ती 'झोंबी' म्हणून तक्त्यात उरे. जनकच आधी गेला, तर पोरक्या प्रक्रिया क्रमांक १ च्या प्रक्रियेच्या पदरी पडत. एवढ्याशा तक्त्यात वारसाहक्काचीही तरतूद होती!

मुंबईच्या बँकांपर्यंत ही रचना पोचली ती संघर्षातून. नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा यंत्रांना विरोध होता. १९८३ मध्ये संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांमधून युनिक्सवर चालणारी यंत्रे दिसू लागली. एकाच यंत्राला अनेक काउंटरांवरचे टर्मिनल जोडता येत, कारण कारकुनाच्या बोटाची वाट पाहणारा प्रोग्रॅम बहुतेक वेळ तक्त्यात 'झोपलेला' असे. कळ दाबली की तो जागा होई. यंत्राच्या त्या झोपेवरच काउंटरांचे अर्थकारण उभे होते, हे संगणकीकरणाच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते.

भांडुपच्या शेजारी, पवईच्या आयआयटीत डी. एम. ढमढेरे यांनी हाच विषय शिकवला आणि त्यावर पाठ्यपुस्तकेही लिहिली.

१९९१ मध्ये अवतरलेल्या लिनक्सने पुढे ठरावीक ओळींचा तक्ता सोडून नोंदी एकमेकींना साखळीने जोडल्या. हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आज तीच साखळी आहे. झोंबी तिच्यातही आहेत.